पंजातला दगड

पोलीस ठाण्याच्या शिलाई खोलीत एकोणीस वर्षं काढल्यावर बाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना टाकेबाई म्हणत. थोडं सुईमुळे, थोडं जिभेमुळे.

खोली शस्त्रागाराच्या मागं, एका खिडकीची. दोन मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीवर रिळांची फळी, कोपऱ्यात इस्त्री. शहरातल्या दोनशे चाळीस पोलिसांच्या बाहीवर खांद्याखाली जो बिल्ला असे, तो इथं जन्माला यायचा. ढालीचा आकार. खाली नागमोडी निळी रेघ, म्हणजे नदी. वरच्या कोपऱ्यात किल्ली, म्हणजे शहराची वेस. आणि मधोमध एका पायावर उभा असलेला पांढरा पक्षी. दुसरा पाय वर उचललेला, पंजात दगड. पक्षी पहाऱ्यावर आहे. डुलकी लागली तर पंजातला दगड सुटणार, पाण्यात पडणार, आणि त्या आवाजानं तो स्वतःच जागा होणार. हा अर्थ दर्शनी हॉलमध्ये काचेत लावलेला होता आणि नव्यानं भरती झालेल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ म्हणून दाखवावा लागे. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून.

गाव त्याला बगळा म्हणे. साहेब म्हणत, "बगळा नाही, क्रौंच." हे सांगण्यात त्यांचं निम्मं आयुष्य चाललं होतं.

बिल्ल्यात एक गोम होती. पक्ष्याची चोच कायम पुढं हवी, माणूस चालतो त्या दिशेला. म्हणून डाव्या बाहीचा पक्षी वेगळा, उजव्या बाहीचा वेगळा. अदलाबदल झाली की पक्षी मागं बघतो, आणि मागं बघणारा पक्षी म्हणजे पळपुटा. एकदा एका शिपायाच्या बायकोनं हौसेनं घरीच बिल्ले शिवले, ते उलटसुलट. त्या बिचाऱ्याला वर्षभर सगळे "माघारी" म्हणून हाक मारत होते. टाकेबाईंनीच ते नाव पाडलं होतं.

ठाण्याच्या दोन चालीसुद्धा या पक्ष्यावरून आलेल्या. पहाऱ्यावर पेंगताना सापडला, की सकाळच्या कवायतीत एका पायावर उभं राहायचं, हातात अंगणातला धोंडा घेऊन. याला दगड धरणं म्हणत. आणि ज्याला बडतर्फ केलं, त्याच्या बाहीवरचे बिल्ले सगळ्यांसमोर उसवायचे. हे काम शिलाई खोलीचं. जो इज्जतीनं निवृत्त होई, त्याचा बिल्ला घरी त्याची बायको कापून काढे आणि फ्रेम करून भिंतीला लावी.

टाकेबाईंनी आजवर अकरा माणसं उसवली होती. ठाण्यात असंच म्हणत, माणूस उसवला. हात चपळ, एका बाहीला दीड मिनिट. वर तोंडही चालू. "हात सैल सोडा, गुदगुल्या व्हायच्या." एक जण मैदानातच रडायला लागला, तर त्याला म्हणाल्या, "बाही भिजवू नका हो, ओल्या कापडातून दोरा निघत नाही." ही गंमत त्यांनी घरी येऊन नवऱ्याला सांगितली होती. तो हसला नव्हता. त्यालाही शिपाईगिरीत एकोणतीस वर्षं झाली होती.

नवऱ्याला ठाण्यात सगळे खांब म्हणत. उंच, काटकुळा, मान अंमळ जास्तच लांब, बोलणं मोजून. त्याच्या निवृत्तीला पाच आठवडे राहिले होते आणि टाकेबाईंनी फ्रेम आधीच आणून ठेवली होती, बदामी रंगाची. इतरांच्या बायकांनी कापलेले बिल्ले त्यांनी पाहिले होते. कडा कुरतडलेल्या, दोरे लोंबणारे. आपल्या घरातलं काम कसं होतं ते लोकांनी येऊन बघावं, एवढी एकच इच्छा त्यांनी या नोकरीकडून धरली होती. नवरा म्हणे, "भिंतीला लावायला मी काय मेलोय?" त्या म्हणत, "तुम्ही गप्प बसा. तुमचा काय संबंध?"

त्याच वर्षी ठाण्याला शंभर वर्षं पूर्ण होत होती आणि साहेबांनी नवा बिल्ला काढायचं मनावर घेतलं. कारण दगड. इतक्या वर्षांत, राखाडी दोरा वाचवत वाचवत, तो दगड एवढा बारीक झाला होता की नवी पोरं त्याला अंडं समजत. एकानं तर पाठ म्हणताना साहेबांसमोरच "पंजात अंडं" म्हटलं. साहेबांनी गावातल्या निवृत्त ड्रॉइंगमास्तरांना बोलावलं.

ड्रॉइंगमास्तर दुपारी अंगणात पाट मांडून बसले आणि चार कागद फाडून झाल्यावर म्हणाले, "जमत नाही. वजन कुठं पडतं ते दिसल्याशिवाय मला काढता येत नाही."

"पुस्तकात बघा ना," साहेब म्हणाले.

"पुस्तकातल्या पक्ष्याच्या पंजात दगड जड वाटत नाही. कापसाचा वाटतो."

टाकेबाई खाका उतरवायला कागद घेऊन शेजारीच उभ्या होत्या. साहेबांसमोर बोलायची संधी सोडणाऱ्यातल्या त्या नव्हेत. "मग आमचा खांब घ्या की," त्या म्हणाल्या. "मान लांब, पाय काडीसारखे. तीस वर्षं घरात पक्षीच पाळलाय मी."

साहेब खदखदून हसले. असे ते क्वचित हसत. "कुठं आहे तो?"

"कोठडीवर आहेत."

"बोलवा. दहा मिनिटांचं तर काम."

त्या दिवशी स्टेडियमवर सामना होता. निम्मं ठाणं बंदोबस्ताला गेलेलं, उरलेलं जेवायला. कोठडीवर खांब एकटाच होता आणि कोठडीत एकच माणूस, छत्र्या दुरुस्त करणारा. फुटपाथवरची त्याची पेटी एका दुकानदारानं लाथेनं उडवली, म्हणून त्यानं छत्रीच्या दांड्यानं दुकानाची काच फोडली होती. साठीचा, शांत माणूस. सकाळपासून एका कोपऱ्यात बसून होता.

खांब आला. "कोठडीवर कुणी नाही साहेब," तो म्हणाला.

"कोठडी कुठं पळून जात नाही. घे तो धोंडा. पाय वर. हं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

खांब एका पायावर उभा राहिला, धोंडा छातीशी धरून, मान ताठ. एकोणतीस वर्षांत ज्यानं एकदाही दगड धरला नव्हता, तो निवृत्तीच्या तोंडावर भर अंगणात दगड धरून उभा. जेवून येणारे दोघे-तिघे थबकले. कुणीतरी म्हणालं, "खांबाला पंख फुटले." टाकेबाईंना हसू आलं. छानच दिसत होता तो, हे मात्र त्या बोलल्या नाहीत.

थोड्या वेळानं साहेबांना फोन आला म्हणून ते आत गेले. मास्तरांची पेन्सिल आता कुठं चालायला लागली होती. दहाची वीस मिनिटं झाली, विसाची तीस.

कोठडीची जाळीची खिडकी अंगणातच उघडते. तिथून हाक आली. मोठी नव्हती. "शिपाई. अहो शिपाई. जरा येता का?"

खांबाची मान हलली.

"मान वळवू नका," टाकेबाई म्हणाल्या. "पाणी मागत असेल. मास्तर, किती राहिलं?"

"मानेचीच रेघ राहिलीय. दोन मिनिटं."

पुन्हा हाक आली. मग तिसऱ्यांदा, त्यात शब्द नव्हते. खांबाच्या हातातला धोंडा थरथरत होता. "बघून येतो," तो म्हणाला.

"साहेबांनी हलू नका सांगितलंय. आणि पुन्हा उभे राहिलात तर मान तशी येईल का? थांबा की जरा."

चौथी हाक आली नाही. टाकेबाईंच्या मनात आलं, बरं झालं, गप्प बसला एकदाचा. मास्तरांनी मानेची रेघ ओढली आणि सवयीप्रमाणे कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ घातली: सुरुवात एक दहा, शेवट एक पंचावन्न. खाली लिहिलं, "शिपायाला समोर उभं करून." शाळेत चाळीस वर्षं मुलांना तेच शिकवत आले होते.

खांबानं धोंडा जागेवर ठेवला, माठातून गडूभर पाणी घेतलं आणि लंगडत कोठडीकडे गेला. छत्रीवाला दाराशी पडला होता. एक हात गजांतून बाहेर आलेला. खांब गडू घेऊन तसाच उभा राहिला. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, छातीचं दुखणं. अर्धा तास आधी कळतं तर काही करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब शिलाई खोलीत आले. ते कधी येत नसत. त्यांनी दार लोटून घेतलं, स्टुलावर बसले आणि रिळांकडे बघत म्हणाले, "वरून चौकशी आहे शुक्रवारी. खांबाला झोप लागली होती, असा अहवाल गेलाय."

टाकेबाईंना आधी कळलंच नाही. "झोप? कुणाला? ते तर अंगणात—"

"अंगणात कोण होतं?"

"तुम्हीच बोलावलंत ना साहेब."

"मी फोनवर होतो. वरिष्ठांच्या फोनवर. त्याची नोंद आहे. ज्यांनी पाहिलं ते आणि मास्तर गप्प राहतील." साहेबांचा आवाज अजिबात चढला नाही. "हे बघा बाई. शंभरावं वर्ष आहे. पक्ष्याचं चित्र काढायला कोठडी रिकामी ठेवली, हे बाहेर गेलं तर या बिल्ल्याकडे बघून पोरंसोरं हसतील. झोप लागली, हे लोकांना समजतं. त्याचं पेन्शन मी जाऊ देणार नाही, शब्द देतो. फक्त बिल्ला जाईल." ते उठले. "ते मास्तरांचं चित्र माझ्याकडे आणून द्या."

"मशीनवर आहे. खाका झाला की देते."

"आजच द्या."

साहेब गेल्यावर टाकेबाईंनी चित्र बाहेर काढलं. मशीनवर नव्हतंच ते, खणात होतं. पक्षी अप्रतिम उतरला होता. मानेचा तो बाक, उचललेल्या पायाचा ताण, दगडाचा भार पोटात घेतलेला. जो कुणी खांबाला ओळखत होता, त्याला त्या पक्ष्यात खांब दिसला असता. आणि कोपऱ्यात मास्तरांचं वळणदार अक्षर. एक दहा ते एक पंचावन्न. शुक्रवारी हा एवढा कागद चौकशीच्या टेबलावर ठेवला की झालं. मग त्यांची बदामी फ्रेम, त्यांची कात्री, त्यांची भिंत.

दिवस मावळायच्या आत त्या घरी गेल्या. खांब ओट्याशी उभा राहून भाजी चिरत होता. कालपासून त्याला कोठडीवर पाठवलं नव्हतं.

"वाचलात तुम्ही," त्या म्हणाल्या आणि कागद त्याच्यासमोर धरला. "वेळ आहे यावर. मास्तरांचं अक्षर आहे. शुक्रवारी मी स्वतः जाऊन ठेवते. साहेबांची बोलतीच बंद."

खांबानं कागदाकडे बघितलं नाही. "फाडून टाक," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"तुला हाक ऐकू आली होती ना?"

टाकेबाईंनी कागद ओट्यावर ठेवला.

"मला तिन्ही ऐकू आल्या," खांब म्हणाला. "तिसरी हाक म्हणजे हाक नव्हतीच. मला कळलं होतं. एकोणतीस वर्षं कोठडीवर काढलीत, पाण्याची हाक कुठली आणि कशाची कुठली, मला कळत नाही होय? कळलं, आणि मी उभा राहिलो."

"साहेबांनी सांगितलं होतं."

"साहेब आत होते."

"मी सांगितलं होतं मग. म्हणा ना. बायकोनं सांगितलं म्हणा."

"ते म्हणत नाहीये मी." त्यानं सुरी खाली ठेवली. "कागद दाखवलास तर ते विचारणार, तुम्ही अंगणात होतात, मग हाक आली का? मी खोटं बोलणार नाही. झोपला म्हणून गेलो तर लोक हसतील. हसू देत. ऐकून उभा राहिला म्हणून मला जायचं नाही. तेवढं माझ्यासाठी कर."

"आणि मी? मी उसवायचे तुमचे बिल्ले? सगळ्यांसमोर?"

"अकरा उसवलेसच की," तो म्हणाला. बोलला आणि त्याचं त्यालाच लागलं, पण शब्द गेला होता.

टाकेबाईंनी कागद उचलला आणि पिशवीत घातला. "तुम्हाला नको असेल इज्जत. मला हवीय. मी एकोणीस वर्षं वाट बघितलीय." रात्री भाजी तशीच ओट्यावर राहिली.

साहेबांना त्यांनी सांगितलं, मान भरताना चित्र समोर लागतं. एक दिवस, दोन दिवस. साहेब फक्त बघत. तिकडे नव्या बिल्ल्यांचं काम जोरात सुरू झालं होतं. दोनशे चाळीस माणसं, प्रत्येकी दोन बाह्या. टाकेबाई सकाळपासून नवऱ्याची मान भरत बसत. पांढऱ्या दोऱ्याचे तिरके टाके मानेच्या बाकावर एकाशेजारी एक बसवताना त्यांना वाटे, शुक्रवार येऊ दे. फक्त शुक्रवार येऊ दे.

गुरुवारी कारकून एका बाईंना घेऊन खोलीत आला. "यांना इथं बसवतो जरा," तो म्हणाला. "हॉलमध्ये बरं दिसत नाही. साहेब मोकळे झाले की बोलावतील." आणि टाकेबाईंच्या कानाशी येऊन पुटपुटला, "छत्रीवाल्याची मंडळी."

बाई टेबलाच्या कडेला बसल्या. दुखवट्याचं पांढरं लुगडं नाही. घरात नेसायचं तेच पातळ, खांद्याला कापडी पिशवी. त्यांची बोटं छत्रीच्या कामानं टाकेबाईंच्या बोटांसारखीच टोचलेली होती. थोडा वेळ त्या मशीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "टाका फार सुंदर आहे हो तुमचा."

"सवय," टाकेबाई म्हणाल्या. नजर वर केली नाही.

"आमच्याकडे छत्रीचं कापड मीच शिवते. शिवत होते. काड्यांचं काम त्यांचं." त्यांनी एक तयार बिल्ला उचलला. "हा पक्षी दगड कशाला धरतो?"

दुसरं कुणी असतं तर टाकेबाईंनी पाठ घडाघडा म्हणून दाखवला असता. आता शब्द एकेक करून निघाले. "पहाऱ्यावर आहे. डोळा लागला तर दगड पडतो. मग जागा होतो."

बाईंनी मान हलवली. "म्हणजे त्या दिवशी दगड पडलाच नाही म्हणायचं. कोण शिपाई होता हो? भला माणूस आहे का?"

टाकेबाईंच्या पायाखालची मशीनची पट्टी थांबली. "का?"

"उगाच. मला वाटतं, त्यांना काही कळलं नसणार. म्हणजे आमच्या ह्यांना. झोपेतच गेले असतील." बाई बिल्ल्यावरच्या पक्ष्याच्या मानेवरून बोट फिरवत होत्या. "त्यांचा स्वभाव असा, की कुणाला हाक मारायची नाही. ताप आला तरी उठून स्वतः पाणी घेणार. तेहतीस वर्षांत मला एकदा हाक मारली नाही हो. मी चिडायची, म्हणायची, माझं नाव तरी माहितीय का तुम्हाला? म्हणून वाटतं, हाक मारायची वेळच आली नसणार. मारली असती तर फारच दुखलं असेल. मग मी कशी जगू, सांगा."

टाकेबाईंना त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. कागद तिथंच, हाताखालच्या खणात होता. त्या म्हणाल्या, "नाही. हाक नाही मारली त्यांनी."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी अंगणातच होते. खिडकी तिकडंच उघडते. मारली असती तर ऐकलं असतं ना."

बाईंनी डोळे मिटले आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे हलले. "देव तुमचं भलं करो," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर टाकेबाईंनी खण उघडला. मग उठून साहेबांच्या खोलीत गेल्या आणि चित्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. कोपऱ्यातली वेळ वाचली. कोपरा व्यवस्थित घडी घालून, पट्टी लावून फाडला, खिशात घातला, आणि उरलेलं चित्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

"क्रौंच मात्र जिवंत आलाय," ते म्हणाले. "फ्रेम करून हॉलमध्ये लावू."

शुक्रवारी चौकशीत खांब म्हणाला, "झोप लागली." एवढंच. वरून आलेल्या अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, तो दोनदा तेच म्हणाला. टाकेबाईंना कुणी बोलावलं नाही.

साहेबांनी उसवण्याचा कार्यक्रम शताब्दीच्या कवायतीलाच ठेवला. गावासमोर शिस्त दिसावी म्हणून. आणि त्या दिवशी सगळ्यांच्या बाहीवर नवेच बिल्ले असावेत असा आदेश होता. सगळ्यांच्या. टाकेबाईंनी विचारलं, "ज्यांचे उसवायचेत त्यांच्या जुन्यावरच भागवायचं ना?"

"एक माणूस जुना बिल्ला घालून उभा राहिला तर फोटोत कसं दिसेल?" साहेब म्हणाले. "आधी नवे लावा. मग काढा."

म्हणून आदल्या संध्याकाळी टाकेबाई घरी नवऱ्याचा सदरा मांडीवर घेऊन बसल्या. जुने बिल्ले निघाले तिथं कापड गडद राहिलं होतं, इतक्या वर्षांचं ऊन न लागलेलं. त्यावर त्यांनी नवे बसवले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. चोच पुढं.

"सैल घालते," त्या म्हणाल्या. "एका ओढीत येतील. पटकन होऊन जाईल."

"नको," खांब म्हणाला. "नेहमीसारखेच घाल."

"कशाला? तिथं ताटकळायची हौस आहे?"

"तुझ्या हातचा सैल टाका मी कधी घातला नाही अंगावर."

टाकेबाईंनी मग नेहमीसारखेच घातले. कडेनं दुहेरी, कोपऱ्यांना गाठ.

दुसऱ्या दिवशी मैदानावर दोनशे चाळीस माणसं रांगेत उभी होती. दोन्ही बाह्यांवर एकच पक्षी, तीच मान, तोच पाय. गावातली माणसं, शाळेची मुलं, खुर्च्यांवर पाहुणे. पहिल्या रांगेत छत्रीवाल्याची बायको. साहेबांनी मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. तिला न्याय झालेला दिसला पाहिजे, असं ते म्हणाले.

खांबाला पुढं बोलावलं. टाकेबाई उसवायचा आकडा घेऊन त्याच्या उजव्या बाजूला गेल्या. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आज घरचंच उसवतायत," आणि दोन-चार जण फसकन हसले. पूर्वी त्यांनाच असलं सुचायचं. उजवी बाही दीड मिनिटात झाली. डावीला हात ऐकेना. गाठी घट्ट होत्या, त्यांच्याच होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. बँडवाल्यांनी वाट बघून बघून वाद्यं खाली ठेवली.

तेव्हा छत्रीवाल्याची बायको खुर्चीवरून उठली आणि सरळ मैदानात आली. कुणी अडवलं नाही. ती खांबासमोर उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

"माझा तुमच्यावर राग नाही, भाऊ," ती म्हणाली. "सांगायचं होतं म्हणून आले. डोळा कुणाचा लागत नाही? उमर झाली की लागतो. त्यांनीही तुम्हाला दोष दिला नसता."

खांबाचे ओठ उघडले. "बाई," तो म्हणाला, "मी झोपलो नव्ह—"

"थकलेले होते हो," टाकेबाई मोठ्यानं म्हणाल्या. आकड्याचं टोक कापडातून आत, त्याच्या दंडात गेलं. त्यांना कळलं, आणि त्यांनी ते तसंच धरलं. "ओळीनं तीन दिवस पहारा होता. मला म्हणालेही, डोळे जड झालेत. कबूल करायची लाज वाटते त्यांना. पुरुष माणूस. तुमचे उपकार आहेत बाई. हे म्हणतात, उपकार आहेत."

खांबानं बायकोकडे बघितलं. मग समोरच्या बाईकडे. मग त्यानं तोंड मिटलं आणि मान खाली घातली. ती बाई समजली, पश्चात्तापानं घातली. तिनं त्याच्या मनगटाला हात लावला, अगदी हलका.

शेवटची गाठ सुटली. बिल्ला टाकेबाईंच्या हातात आला. रिवाजाप्रमाणे तो साहेबांकडे द्यायचा होता, ते हात पुढं करून उभे होतेच. पण छत्रीवाल्याच्या बायकोनं विचारलं, "मला द्याल का हा? त्यांच्या फोटोखाली ठेवीन. कुणीतरी जागं असलेलं बरं त्यांच्यापाशी."

साहेबांनी खुर्च्यांवरच्या पाहुण्यांकडे बघितलं, त्यांना ते चांगलं दिसेल असं वाटलं, आणि त्यांनी मान डोलावली.

टाकेबाईंनी बिल्ला उलटा केला. मागच्या बाजूला उसवलेल्या दोऱ्यांचं जंजाळ होतं. असं काम त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिलं नव्हतं. त्यांनी कमरेची कात्री काढली आणि अख्खं मैदान थांबलेलं असताना, नवरा शेजारी रिकाम्या बाह्यांनिशी उभा असताना, एकेक दोरा मुळाशी कापत गेल्या. कडा साफ केली, अंगठ्यानं पक्ष्याची मान सारखी केली आणि मग बिल्ला बाईंच्या तळहातावर ठेवला.